लविनाचा बँड आणि गावची टोपली

एलिशा, नील,

आज सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि बावखलाच्या पलीकडून ट्रंपेटचा एक लांबच लांब सूर आला. बावखल म्हणजे आपल्या वाडीतलं तळं, नीलची चप्पल ज्यात पडली होती आणि जी काढायला आजोबा पँट दुमडून उतरले होते, ते. डिसेंबरात त्या पाण्यावर सकाळी धुकं बसलेलं असतं. सूर त्यातून येतो तो थोडा ओलसर होऊन येतो, केळीच्या पानांना चाटून जातो आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन थांबतो. मी गॅस बारीक केला आणि तशीच उभी राहिले. आजोबांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "झाला सीझन सुरू. आता दुपारची झोप विसरा."

तुमच्याकडे चार ऋतू असतात आणि चारही दिसतात. पानं पिवळी होतात, गळतात, बर्फ पडतो, पुन्हा फुटतात. आमच्या भुईगावात पाऊस, थंडी आणि उन्हाळा एवढंच दिसतं. पण एक ऋतू आम्हाला ऐकू येतो. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून राखेच्या बुधवारापर्यंतचा हा काळ. पुढे ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्नं लागत नाहीत, म्हणून गावातली बहुतेक लग्नं या थोड्या आठवड्यांत दाटीवाटीने बसतात. एका गल्लीत मांडवाचे बांबू उतरत असतात, तर दुसऱ्या गल्लीत चढत असतात. कागड्याच्या कळ्या पहाटे खुडून होत नाहीत तोवर कुणाच्या तरी अंगणात वाटपाचा मसाला भाजायला घेतलेला असतो. हवेत त्या मसाल्याचा ठसका, ओल्या वालाचा वास, नव्या चुन्याचा वास. आणि या सगळ्याच्या वरून बँड.

मागच्या सीझनला आपण व्हिडिओवर बोलत होतो तेव्हा एलिशाने विचारलं होतं, "आजी, मागे कोण वाजवतंय?" मी म्हटलं होतं, नंतर सांगते. माझं "नंतर" तुम्हाला ठाऊक आहे. बरण्यांवर चिठ्ठ्या लावणं मी कधी पुढे ढकलत नाही, पण गोष्टी ढकलते. आज तोच सूर पुन्हा आला, तेव्हा आधी हे लिहायला बसले. इंग्रजी मी जन्मभर शिकवलं, पण ही गोष्ट त्यात बसेना. तुमची आई वाचून दाखवेल. तिला बँडचा ठेका तोंडाने करायला सांगा, तिला छान येतो.

वाजवत होती ती लविना. पास्कूची मुलगी. पास्कू म्हणजे बावखलापलीकडचा, ज्याच्या वाडीतली राजेळी केळी तुम्ही खाल्ली होती. लविनाला मी आठवीत शिकवलं. वर्गात ती पेन्सिल ओठाला लावून बसायची आणि बोटं बाकावर नाचवायची, मला वाटायचं पोरगी गणित मोजतेय. आमचे जुने बँडमास्तर गेले तेव्हा गावातले वाजवणारे मुलगे आधीच परदेशी निघून गेले होते. कुणी आखातात, कुणी बोटीवर. वाद्यं देवळाच्या माडीवर पडून होती. लविनाने ती खाली आणली, चिंच लावून घासली, आणि गावोगावच्या मुली-बायका गोळा केल्या. क्लॅरिनेटवर नर्स, सॅक्सोफोनवर बालवाडीची बाई, आणि मोठ्या ढोलावर पाचूबंदरची मंगल. मंगल कोळीण आहे, सकाळी मासळीच्या लिलावात ओरडते आणि संध्याकाळी ढोल बडवते. ती म्हणते, दोन्हीकडे हात तोच लागतो.

त्यांची तालीम आपल्या अंगणात चालते, कारण आपल्या आजूबाजूला तक्रार करायला कुणी नाही, आणि आजोबांना एका कानाने कमी ऐकू येतं. मी रोज पाहते, म्हणून सांगते: ट्रंपेट वाजवणं हे गोड काम नाही. थंडीत पितळ ओठाला चावतं. लविना आधी नुसता श्वास सोडते, मग ओठ फुर्र करते, मग एकच सूर धरून ठेवते, इतका वेळ की ऐकणाऱ्याला धाप लागावी. सलग लग्नं आली की तिच्या वरच्या ओठावर एक लाल गोल वण उठतो. ती त्यावर खोबरेल लावते आणि हसते. हसताना तो वण ताणला जातो, मग हसणं अर्ध्यावर सोडते.

आता टोपलीचं सांगते, कारण सगळा घोळ टोपलीचाच होता.

आपल्या गावात फार जुनी पद्धत आहे. गावातल्या माणसाने गावातल्या लग्नात वाजवलं तर त्याला पैसे द्यायचे नाहीत. पैसे परक्याला देतात. आपल्या माणसाला टोपली देतात: राजेळी केळ्यांची फणी, दोन नारळ, केक, घरचं काहीतरी गोडधोड, वर लाल कागद. टोपली यजमानीण स्वतः डोक्यावर घेऊन वाजवणाऱ्याच्या घरी पोचवते. त्यात खरंच माया असते. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते इतकं आवडलं होतं की माहेरी पत्र लिहून कळवलं होतं.

पण पूर्वी वाजवणारा माणूस दिवसा गिरणीत किंवा रेल्वेत असायचा. पगार तिकडून यायचा, टोपली इकडून. लविनाला पगार कुठूनच येत नव्हता. मागच्या सीझनला तिने गावात जितकी लग्नं वाजवली तितक्या टोपल्या घरी आल्या. आणि घर कुणाचं? केळ्यांच्या वाडीवाल्याचं! पास्कूच्या ओटीवर फण्यांवर फण्या. एका सकाळी मी अंडी आणायला गेले तर पास्कू बाजारासाठी स्वतःची केळी टेम्पोत चढवत होता आणि बायको दुसऱ्यांची केळी घरात उतरवत होती.

"टीचर, बघा," तो म्हणाला, "मी केळी विकायला नेतो आणि माझी पोरगी गालफाडं फुगवून केळी कमवून आणते. त्यातली ही फणी तर माझीच आहे. परवा मीच विकली होती त्यांना."

मी हसले. तोही हसला, पण मग नाही हसला. त्याचं लविनाशी बोलणं झालं होतं. नालासोपाऱ्याच्या एका ऑफिसात तिच्यासाठी जागा होती, बसून काम, महिन्याच्या महिन्याला पगार. त्याने तिला राखेच्या बुधवारापर्यंत मुदत दिली होती. तोवर या बँडने तिचं पोट भरतं हे दिसलं तर वाजव. नाहीतर ट्रंपेट पेटीत आणि तू ऑफिसात.

"वाईट बाप आहे का मी?" त्याने मला विचारलं.

वाईट नव्हता. कर्ज काढून त्यानेच तिला ते ट्रंपेट घेऊन दिलं होतं. मी अंडी घेतली आणि आले.

आता या सगळ्यात गावच्या मंडळाने जाहीर केलं की यंदा देवळाच्या मैदानावर मोठी गाण्यांची संध्याकाळ करायची. तिकीट लावून! मुंबईचा ऑर्केस्ट्रा आणायचा. स्टेज, दिवे, धूर सोडणारं मशीन. मंडळाचे अध्यक्ष बावतीसभाऊ, ज्यांना तुम्ही "मिशीवाले अंकल" म्हणायचात, ते घरोघर फिरून सांगत होते. गाव नुसतं पेटलं होतं. मुली दोन-दोन वेळा कपडे ठरवून बदलत होत्या. वडापाववाला विचारत होता की तव्याला जागा कुठे. मीसुद्धा माझी निळी साडी इस्त्रीला दिली, आणि आजोबांनी ते पाहून विचारलं, "कोण येतंय गायला, तुझा कुणी जुना विद्यार्थी?"

कार्यक्रमाची सुरुवात लविनाच्या बँडने करायची असं बावतीसभाऊंनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तिला विचारलंही नव्हतं. आपल्याच घरच्या माणसाला कोण विचारतं?

आणि त्याच दिवशी विरारच्या एका रिसॉर्टमधल्या लग्नाचं बोलावणं लविनाला आलेलं होतं. ठरलेले पैसे, जायला गाडी, वेळेवर जेवण.

मंडळाची सभा शाळेत भरली, पहिलीच्या वर्गात. मोठी मोठी माणसं त्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती, त्यामुळे कुणाला नीट रागावताही येत नव्हतं. मी मंडळात आहे कारण मला जमाखर्च सरळ रेषेत लिहिता येतो. लविना आणि मंगल दाराशी उभ्या होत्या.

"पोरी, गाव सोडून विरारला जाणार तू?" बावतीसभाऊंचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आपल्या मैदानावर परक्यांनी वाजवायचं आणि आपण नाही?"

"अंकल, मला इथेच वाजवायचंय. सिरियसली. पण विरारवाले पैसे देतायत."

"अगं, तुला टोपली देऊ! मोठी देऊ! शाल देऊ, स्टेजवर बोलावून!"

मंगल पदर खोचून पुढे आली. "शाल आमच्याकडं सात हायेत. ह्या उकाड्याच्या गावात काय करायचं शालींचं, पापड वाळवायचं?"

वर्ग हसला. बावतीसभाऊही हसले आणि लगेच गंभीर झाले. "मंगल, तू मधे बोलू नको. उद्या गाव काय म्हणेल? बावतीसने पास्कूच्या पोरीला मजुरी दिली म्हणेल. मी पास्कूला तोंड कसं दाखवू?"

बघा, हे त्यांच्या मनातलं होतं. पैसे वाचवायचा डाव नव्हता. मुंबईवाल्यांना त्यांनी अर्धी रक्कम कधीच देऊन टाकली होती, न कुरकुरता. घरच्या मुलीच्या हातावर नोटा ठेवणं म्हणजे तिला घराबाहेर काढणं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. अशी चूक फक्त मायेने होते, आणि म्हणून ती दाखवून देणं महाकठीण.

मी विचारलं, "बावतीसभाऊ, मांडव कोणाचा?"

"डोमनिकचा. गावचाच आहे."

"त्याला टोपली?"

"टीचर, काहीतरीच काय! त्याला पैसे द्यायला लागतील. त्याचा धंदा आहे तो."

"माझापण धंदाच आहे, अंकल," लविना म्हणाली.

तिने हे हळू म्हटलं, पण मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं. कुणाचं तरी बाक करकरलं. आमच्या गावात वाजवण्याला लोक आवड म्हणतात, देणगी म्हणतात, देवाची कृपाही म्हणतात. धंदा हा शब्द तिथे कुणी नेला नव्हता. मला मात्र तो ऐकून इतकं मोकळं वाटलं! मी पस्तीसएक वर्षं शाळेत शिकवलं, तेही मला आवडायचं म्हणूनच. पण मला कधी कुणी म्हणालं नाही की टीचर, पोरं गावचीच आहेत, आणि तुम्हाला आवडतंय ना, मग पगार कशाला? माझी आवड आणि माझा पगार एकाच घरात सुखाने नांदले. तिच्या आवडीने मात्र उपाशी राहायचं? मी हे उभं राहून बोलले. बुटक्या बाकावरून उठताना माझा गुडघा वाजला तो वेगळा.

मग मंगलने तिचा तोडगा काढला. "आमच्याकडं बोट आली का वाटं पडतात. बोटीचा येक वाटा, जाळ्याचा येक, आन् जेवडी मान्सं तेवडं त्यांचं. तसं करा. मैदान म्हंजे बोट, लाइट-साऊंड म्हंजे जाळं, आन् वाजवनारी आमी मान्सं. तिकिटाचं जमल ते वाटून घेव."

काय सुंदर कल्पना! सगळा वर्ग बोलायला लागला. कुणी म्हणालं ढोलाला मोठा वाटा, कुणी म्हणालं मग वडापाववाल्याला काय, खेकड्याएवढा? बावतीसभाऊंचा चेहरा उजळला, कारण वाट्यात मजुरीचा वास नव्हता. मी तर मनातल्या मनात वाट्यांचे रकाने आखायलाही लागले होते.

"मला वाटा नको," लविना म्हणाली.

मंगल गर्रकन वळली. "का गं बाय? समुद्रावर चालतं ते तुला चालंना?"

"मावशी, जाळ्यात मासळीच नाही आली तर? तिकिटं नाही खपली तर? तेव्हा माणसाचा वाटा शून्य. मग मी घरी जाऊन पप्पांना काय सांगू, वारा पडला होता? मी वाजवलेलं असणार ना. ओठ फुटायचा तो फुटणारच. मला आधी ठरलेले हवेत. मुंबईवाल्यांसारखे, अर्धे आधी."

मंगल म्हणाली, "ते पन खरं हाय. मागल्या म्हयन्यात तीनदा रिकामी बोट आली आमची," आणि दाराला टेकून उभी राहिली. माझे रकाने पुसले गेले.

बावतीसभाऊंनी खिशातून रुमाल काढून मिशी पुसली. "म्हणजे टोपली नको तुला आमची," ते फळ्याकडे बघत म्हणाले. पाणी होतं हो त्यांच्या डोळ्यांत.

"कोण म्हणालं नको?" लविना दोन पावलं पुढे आली. "टोपली पण हवी, अंकल. टोपली मी तुमची आहे म्हणून. पैसे मी वाजवलं म्हणून."

एलिशा, नील, मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. एवढं मोठं मी त्या पहिलीच्या वर्गाबाहेर कधी ऐकलेलं नाही.

ठरलं. विरारवाल्यांनी जो भाव सांगितला होता तोच गावाने दिला, आणि अर्धा तिथेच, सगळ्यांच्या देखत. बावतीसभाऊंनी तो देताना दुसरीकडे तोंड फिरवलं होतं, पण दिला. मुंबईच्या ढोलवाल्याला आपल्यापेक्षा किती जास्त, हे मंगलने विचारलंच. "ते लांबून येतात," असं उत्तर मिळालं. "मी पाचूबंदरवरनं ढोल घेऊन रिक्षात वाकडी बसून येते. त्यांना येसी गाडी हाय," ती म्हणाली. तरी तिचा भाव तोच राहिला. सगळं एका सभेत होत नसतं.

आणि मग कार्यक्रमाचा तो रविवार! उन्हं उतरायला लागली आणि समुद्राकडून वारा सुटला, सुरूच्या बनातून गाळून आलेला, खारट आणि थंड. मैदानावर खुर्च्या भरत होत्या. बाळांना कानटोप्या, म्हाताऱ्यांना मफलर, मुलींच्या केसांत कागडा. वाडवळांची सगळी आळी आली होती, पाचूबंदरहून दोन टेम्पो भरून मंगलची माणसं आली होती. धुराच्या मशीनने उत्साहाच्या भरात इतका धूर सोडला की पहिली ओळ खोकत उठली. मुंबईवाले त्यांच्या वायरी जोडत होते आणि आपल्याला गावाकडे कुठे आणलंय अशा चेहऱ्याने घड्याळ बघत होते.

पास्कू आत आला नव्हता. कुंपणाबाहेर माडाला टेकून उभा होता. बावतीसभाऊ त्याला ओढायला गेले. "आत ये रे, पोरगी वाजवतेय."

"इथून ऐकू येतं की," पास्कू म्हणाला. "रोज सकाळी फुकट ऐकतो, आज तिकीट कशाला?"

बँड स्टेजवरून सुरू झालाच नाही. तो आला गल्लीतून. आधी लांबवर मंगलचा ढोल, एक ठोका आणि गप्प. सगळ्यांच्या माना वळल्या. पुन्हा एक ठोका. मग वळणावरून त्या निघाल्या, जांभळ्या साड्या, पायात बूट, पितळेवर तिरपं ऊन असं लखलखतंय की बघवत नव्हतं! क्लॅरिनेटने सूर उचलला, सॅक्सोफोनने तो खालून झेलला, आणि मग लविनाने ट्रंपेट वर केलं. आदल्या चार दिवसांत तिने तीन लग्नं वाजवली होती. वरचा ओठ फुटलेला मला तिसऱ्या ओळीतून दिसत होता. तो उंच सूर तिला लागेल की नाही, माझ्या मुठी वळल्या होत्या. लागला! असा लागला की माडावरचे कावळे उठले, आणि आजोबांनी आपला कमी ऐकू येणारा कान तिच्याकडे वळवला आणि म्हणाले, "या कानाने पण ऐकू येतंय गं!"

लोक खुर्च्यांवर थांबलेच नाहीत. मी उठले. निळी साडी, फुटाण्यासारखे गुडघे, तरी उठले. बावतीसभाऊ दोन्ही हात वर करून नाचत होते. मुंबईवाल्यांचा ट्रंपेटवाला, पांढऱ्या केसांचा माणूस, वायरी टाकून खाली उतरला होता आणि लविनाच्या ओठांकडे बघत उभा होता. वाजवणं थांबलं तेव्हा तो बावतीसभाऊंना म्हणाला, "इनको कितना दिया?" भाऊंनी अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "कम दिया." सगळ्यांसमोर! भाऊंचा नाच तिथेच थांबला, आणि मंगल इतकी हसली की तिला ढोलावर बसावं लागलं.

उरलेले पैसे स्टेजवर, माइकसमोर दिले गेले. आणि टोपली बावतीसभाऊंच्या बायकोने डोक्यावर घेऊन पास्कूच्या घरी पोचवली. मायेत काहीही कमी झालं नाही. मी नीट बघून घेतलं.

पण पुढे सगळं गोड झालं असं नाही. लविना आता फोनवर आधी भाव सांगायची. काही घरांनी तो दिला. काहींनी नाक मुरडलं, पास्कूची पोरगी मोठी झाली म्हणाले, आणि बँडऐवजी स्पीकर लावून मोकळे झाले. एका लग्नात वरमाय म्हणाली, आम्ही तुझ्या बारशाला जेवण वाढलं होतं. लविना म्हणाली, मावशी, म्हणूनच तुमच्याकडे अर्धा तास जास्त वाजवेन. ऑफिसवाल्यांचा निरोप पुन्हा आल्याचं पास्कूच्या बायकोने मला सांगितलं. आठवडे सरत गेले, बावखलावरचं धुकं विरळ झालं, आंब्याला मोहोर आला, दुपारी पितळ हाताला तापलेलं लागायला लागलं. पोट भरतंय की नाही हे मी लविनाला विचारलं नाही. तिच्या सुरावरून अंदाज घ्यायचे, आणि तो रोज वेगळा यायचा.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवसाची दुपार. सीझन संपला होता. आपल्या अंगणात सगळ्याजणी विहिरीजवळ बसून वाद्यं धूत होत्या, नळ्या उन्हात वाळत होत्या. फाटक वाजलं. पास्कू आला होता. बाजारातून परस्परच आला असावा, हातात टोपी, पायाला माती. एकेकीचे हात थांबले. लविनाने मात्र मान वर केली नाही, ती ट्रंपेटच्या नळीतून फडका ओढत राहिली.

मंगलला गप्प बसवत नाही. "काका, उद्या बुधवार. ट्रंपेट पेटीत घालायला आलाव का काय?"

"पेटीत घातलं तर लग्नात काय वाजवणार?" पास्कू म्हणाला. "तोंडाने?"

"कोणाच्या लग्नात?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून बोलत होता, पण सांगत होता मुलीला. "वटारच्या बहिणीच्या मुलाचं लग्न आहे. ईस्टर झाला की. मामा म्हणून बँडचं माझ्याकडे आहे. बहीण म्हणाली स्पीकर लाव. मी म्हटलं, बँड लावणार. अख्खा, एकही माणूस कमी नको." त्याने खिशात हात घातला आणि घडी केलेल्या नोटा काढल्या. "अर्धे आधी असतात ना तुमच्यात? भाव मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

लविनाने फडका खाली ठेवला. हात पुसले. नोटांना हात लावला नाही.

"तारीख काय, पप्पा?"

"दुसरा रविवार."

तिने मोबाइल काढला, बोटाने वर-खाली केलं. कपाळाला आठी होती, पण ओठ आतून दाबून धरलेले मला दिसत होते. "त्या दिवसाची एक विचारणा आलीय आधी. नायगावची. त्यांना फोन करून बघते, मग तुम्हाला सांगते."

पास्कू माझ्याकडे वळला. "टीचर, तुम्ही जरा सांगा ना तिला."

"मी काय सांगणार, पास्कू? बँड तिचा आहे."

तो विहिरीच्या कठड्यावर टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली, नोटा तशाच हातात. मुलगी फोन कानाला लावून केळींच्या रांगेत दूर गेली होती, आणि तो तिच्या पाठीकडे बघत होता. असं तोंडभरून हसू मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "थांबतो."